पडत्या पेटीतला थेंब

डिझेलचं इंजिन असो, विमानाचं जेट असो की कारखान्यातली तेलावर चालणारी भट्टी, इंधन आत शिरतं ते फवारा होऊन. असंख्य बारीक थेंब तापलेल्या हवेत भिरकावले जातात. प्रत्येक थेंबाच्या पृष्ठभागावरून वाफ निघते, ती हवेतल्या ऑक्सिजनला भेटते आणि पेट घेते. जळते ती ही वाफ. द्रव तेल तिला फक्त पुरवठा करत राहतं. इंजिनाची ताकद, त्याचा धूर, त्याची तेलाची भूक या सगळ्याचा हिशेब शेवटी एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नापाशी येतो: तेलाचा एक थेंब जळून संपायला किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात त्याच्याभोवती नेमकं काय घडतं?

हा प्रश्न १९५०च्या सुमारास नीट मांडला गेला. त्याच्या उत्तरासाठी संशोधक पडत्या पेट्या, खोल विवरं, बंद पडलेली कोळशाची खाण आणि अखेर पृथ्वीभोवती फिरणारी प्रयोगशाळा इथवर गेले. उत्तराचा सगळ्यांत अनपेक्षित भाग हाती यायला साठ वर्षं लागली. थेंबभर तेलासाठी एवढा खटाटोप का करावा लागला आणि त्यातून काय मिळालं, त्याची ही हकिगत.

जेट इंजिनाने विचारलेला प्रश्न

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. फ्रँक व्हिटल यांचं जेट इंजिन १९३७ साली पहिल्यांदा चाललं आणि त्यांचं इंजिन लावलेलं विमान १५ मे १९४१ रोजी उडालं. मधल्या चार वर्षांत व्हिटल यांना ज्या अडचणींनी छळलं, त्यांत ज्वलनाची अडचण फार मोठी होती. आगगाडीच्या किंवा बॉयलरच्या भट्टीत जाळाला ऐसपैस जागा मिळते. जेट इंजिनात तेवढीच उष्णता अगदी लहान कोठीत, वेगाने धावणाऱ्या हवेत निर्माण करावी लागते. थेंब वेळेत जळले नाहीत तर ज्योत टर्बाइनच्या पात्यांपर्यंत पोचते किंवा पार विझून जाते. तोवर फवाऱ्याचं गणित कुणाकडेच नव्हतं; कोठीचा आकार बदलायचा, फवारणीचं तोंड बदलायचं आणि काय होतं ते पाहायचं, हीच रीत होती.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने ‘नॅशनल गॅस टर्बाइन एस्टॅब्लिशमेंट’ ही संस्था उभारली. तिथे गॉडसेव्ह या संशोधकाने फवाऱ्याचा गुंता बाजूला ठेवला आणि एकच थेंब हाती घेतला. क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूवर इंधनाचा थेंब टांगायचा, पेटवायचा आणि जळताना त्याचं चित्रीकरण करायचं. चित्रफितीवरून दर क्षणाचा व्यास मोजला तेव्हा एक नेटका नियम दिसला. थेंबाच्या व्यासाचा वर्ग ठरावीक गतीने घटत जातो. त्याच सुमारास डी. बी. स्पाल्डिंग यांनीही याच प्रश्नावर स्वतंत्रपणे काम केलं होतं. दोघांचे निबंध ज्वलनशास्त्राच्या चौथ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या एकाच ग्रंथात १९५३ साली छापून आले. हाच पुढे ‘व्यासवर्गाचा नियम’ म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेला.

नियमाचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. थेंब दुप्पट जाड केला तर तो जळायला चौपट वेळ लागतो. तिप्पट केला तर नऊपट. हेप्टेन या इंधनाचा एक मिलिमीटरचा थेंब हवेत साधारण सव्वा सेकंदात जळतो असं धरलं, तर तीन मिलिमीटरच्या थेंबाला अकरा सेकंद लागतील. फवारा जितका बारीक, तितकं ज्वलन झटपट, हे अभियंत्यांना अनुभवाने ठाऊक होतं. आता ते किती झटपट, हे आकड्यात सांगता येऊ लागलं.

पण या नियमाच्या पायाशीच एक अडचण होती. गणित मांडताना थेंब गोल, त्याच्याभोवतीची ज्योतही गोल आणि वाफ सर्व दिशांना सारखी पसरते असं गृहीत धरलं होतं. प्रयोगात दिसणारी ज्योत मात्र गोल नव्हती. समईची ज्योत वर निमुळती का होते, याचं कारणच इथेही लागू होतं. तापलेला वायू हलका होऊन वर चढतो, खालून थंड हवा त्याची जागा घ्यायला धावते आणि हा वरचा ओघ ज्योतीला ओढून लांब करतो. मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या मेणबत्तीवरच्या व्याख्यानांत, १८६०-६१च्या नाताळात, हा ओघ प्रत्यक्ष दाखवून दिला होता. तंतूवरच्या थेंबाभोवतीही हेच होत होतं. शिवाय हा ओघ थेंबाला जास्त ऑक्सिजन आणि जास्त उष्णता पोचवत होता, म्हणजे जळण्याचा वेगही वाढवत होता. मोजलेल्या आकड्यात थेंबाचा स्वभाव किती आणि गुरुत्वाकर्षणाची भर किती, हे वेगळं करता येत नव्हतं.

इंजिनातल्या खऱ्या थेंबांना हा त्रास फारसा नसतो. ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे लहान असतात आणि इतक्या लहान आकाराला वर चढणारा ओघ जवळपास जाणवत नाही. पण असा थेंब डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. त्याच्याभोवतीची ज्योत मोजायला ना जागा असते ना वेळ. मोजता यावा म्हणून थेंब मोठा घ्यावा, तर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आकाराच्या घनाच्या पटीत वाढतो. लहान थेंब दिसत नाही आणि मोठा थेंब खरं सांगत नाही, अशी ही कोंडी होती. ती सुटायला एकच वाट होती: मोठा थेंब घ्यायचा आणि गुरुत्वाकर्षण काढून टाकायचं.

टोकियोतली पेटी

गुरुत्वाकर्षण बंद करता येत नाही, पण त्याच्यासोबत पडता येतं. दोर तुटलेल्या लिफ्टमधली प्रत्येक वस्तू लिफ्टच्या वेगानेच पडत असते, त्यामुळे आत कशालाच वजन उरत नाही. गरम वायू हलका आणि थंड वायू जड हा भेदही तिथे संपतो, आणि वर चढणारा ओघ थांबतो.

ही कल्पना ज्वलनाच्या प्रयोगात पहिल्यांदा उतरवली ती टोकियो विद्यापीठातल्या सेइइचिरो कुमागाई यांनी. कुमागाई आणि त्यांचे सहकारी इसोदा यांनी एक पेटी बनवली. आत तंतूवर टांगलेला इंधनाचा थेंब, तो पेटवायची सोय आणि चित्रीकरणाची व्यवस्था. पेटी वर न्यायची, थेंब पेटवायचा आणि पेटी सोडून द्यायची. ती खाली पोचेपर्यंत मिळणारा वेळ जेमतेम सेकंदभराचा. त्यांचा निबंध सहाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९५७च्या ग्रंथात प्रसिद्ध झाला. भारहीन अवस्थेतल्या ज्वलनाचा इतिहास याच निबंधापासून मोजला जातो. स्पुटनिक अवकाशात गेला तोही १९५७ सालीच. अंतराळात आग कशी वागेल हा प्रश्न तोवर कुणाच्या गरजेचा नव्हता. कुमागाईंना हवी होती ती फक्त एक शुद्ध, गोल ज्योत.

ती त्यांना मिळाली. पडत्या पेटीत ज्योतीचं शेपूट नाहीसं झालं आणि थेंबाभोवती जवळजवळ गोल ज्योत उभी राहिली. जळण्याचा वेग जमिनीवरच्यापेक्षा कमी भरला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची भर खरोखरच होती. व्यासवर्गाचा नियमही ढोबळमानाने टिकला.

तरी कुमागाई थांबले नाहीत. थेंबाला धरून ठेवणारा तंतू त्यांना खटकत होता. तो उष्णता वाहून नेतो आणि थेंबाचा आकारही बिघडवतो. पुढची अनेक वर्षं त्यांच्या गटाने थेंब कशाच्याही आधाराशिवाय हवेत सोडायची रीत घडवली. १९७१ साली साकाई आणि ओकाजिमा यांच्यासोबत त्यांनी अशा मोकळ्या थेंबांचे निकाल छापले. त्यांत सिद्धान्ताला छेद देणारी एक गोष्ट स्पष्ट दिसली. नियमाच्या गणितानुसार ज्योतीचा व्यास हा थेंबाच्या व्यासाच्या ठरावीक पट असायला हवा. थेंब लहान होईल तशी ज्योतही त्याच प्रमाणात आत यायला हवी. प्रत्यक्षात हे प्रमाण जळण्याच्या सबंध काळात वाढतच राहिलं. भोवतीच्या वायूला स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात थेंब बदललेला असतो. नियम सांगतो तशी स्थिर अवस्था येतच नाही. सेकंदभराच्या पतनाने एवढं दाखवलं. अधिक पाहायचं तर अधिक वेळ हवा होता.

सेकंदांसाठी खोदलेली विवरं

इथे संशोधकांसमोर एक कठोर हिशेब उभा राहिला. थेंबाचा जळण्याचा वेळ व्यासाच्या वर्गाने वाढतो. पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं. म्हणजे थेंब दुप्पट केला की वेळ चौपट आणि पडायला लागणारी उंची सोळापट. एक मिलिमीटरच्या थेंबाला आठ मीटर पुरतात. दोन मिलिमीटरच्या थेंबाला सव्वाशे मीटर लागतात. चार मिलिमीटरच्या थेंबाला पूर्ण जळायला दोन किलोमीटर खोल पडावं लागेल.

या हिशेबाशी झुंज देत जगभर पडण्याच्या जागा उभ्या राहिल्या. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडमध्ये नासाचं लुईस संशोधन केंद्र आहे. १९९९ पासून ते अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे २४ मीटरचा एक मनोरा होता, त्यात २.२ सेकंद मिळत. १९६०च्या दशकात तिथेच जमिनीत विवर खोदून १३२ मीटरचं मुक्त पतन देणारी सोय झाली. पोलादी नळीतली हवा उपसून काढायची आणि प्रयोगाचा सांगाडा सोडायचा, ५.१८ सेकंदांनी तो थर्माकोलच्या मण्यांनी भरलेल्या गाडीत येऊन रुततो. जर्मनीत ब्रेमेन इथे १९९० साली ११० मीटर पतनाचा मनोरा सुरू झाला, तिथे ४.७४ सेकंद मिळतात. पुढे तळातून सांगाडा वर उडवायची युक्ती जोडल्यावर हा वेळ नऊ सेकंदांच्या वर गेला.

सर्वांत खोल उडी जपानने घेतली. होक्काइदो बेटावरच्या कामिसुनागावा गावातली कोळशाची खाण १९८७ साली बंद पडली होती. तिच्या उभ्या विवरात ४९० मीटरचं पतन बसवण्यात आलं. १९९१ पासून २००३ पर्यंत चाललेल्या या केंद्रात पूर्ण दहा सेकंदांची भारहीनता मिळत असे. जमिनीवर माणसाला मिळालेली ती सर्वांत दीर्घ मुक्त पतनाची जागा होती.

विमानांचाही उपयोग झाला. कमानीसारख्या मार्गाने झेपावणाऱ्या विमानात वीसएक सेकंद मिळतात; पण विमान थरथरतं, आणि त्या थरथरीने मोकळा थेंब जागेवरून सरकतो, ज्योत एका बाजूला कलते. नाजूक मोजमापासाठी मनोरेच बरे ठरले.

या सेकंदांनी सिद्धान्ताची एकेक बाजू तपासून दिली. १९८०च्या दशकात काजळीचा एक चमत्कारिक प्रकार समोर आला. ज्योतीच्या आत तयार होणारे काजळीचे कण जमिनीवर ओघासोबत वाहून जातात. भारहीन अवस्थेत थेंबाकडून येणारी वाफ त्यांना बाहेर ढकलते आणि ज्योतीची उष्णता त्यांना आत रेटते. दोन्ही जोर जिथे सारखे होतात तिथे काजळी साचते आणि थेंबाभोवती काळं कवच तयार होतं. हे कवच उष्णता अडवतं, जळण्याचा वेग बदलतं. मोठे थेंब लहान थेंबांपेक्षा संथ गतीने जळतात असंही दिसलं. व्यासवर्गाच्या नियमात थेंबाच्या मूळ आकाराला असं काही स्थान नव्हतं.

याच सुमारास सिद्धान्तातून एक भाकीत आलं. ज्योत मोठी होत गेली की ती प्रकाशाच्या आणि उष्णतेच्या लहरींच्या रूपाने बाहेर फेकत असलेली ऊर्जाही वाढत जाते. एका मर्यादेपलीकडे ही गळती इतकी वाढेल की ज्योत स्वतःला गरम ठेवू शकणार नाही आणि भोवती ऑक्सिजन, मध्ये इंधन असतानाही विझेल. हे तपासायला तीन-चार मिलिमीटरचे थेंब हवे होते. इतक्या खोल पतनाची सोय पृथ्वीवर कुठेच नव्हती.

अवकाशातली आग

तोवर अंतराळ संस्थांना आगीत वेगळ्याच कारणाने रस निर्माण झाला होता. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो-१च्या कुपीत आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन होता. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिन्ही अंतराळवीर काही क्षणांत मृत्युमुखी पडले. १९७४ मध्ये स्कायलॅब स्थानकात निरनिराळे पदार्थ जाळून भारहीन अवस्थेत आग कशी पसरते हे पाहिलं गेलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये रशियाच्या ‘मीर’ स्थानकात ऑक्सिजन निर्माण करणाऱ्या नळकांड्याने पेट घेतला. आत सहा माणसं होती. धुराने स्थानक भरलं, सगळ्यांनी मुखवटे चढवले. परतीच्या दोन यानांपैकी एकाकडे जायची वाट आगीने अडवली होती. माणसं वाचली, पण एक गोष्ट ठसली: यानातून पळून जायला जागा नसते, म्हणून आगीचा स्वभाव आधीच ठाऊक असावा लागतो.

थेंबांच्या अभ्यासकांना अवकाशाची दारं याच काळात उघडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथले फोरमन विल्यम्स आणि प्रिन्स्टनचे फ्रेडरिक ड्रायर हे यात अग्रणी होते. नासाच्या क्लीव्हलँड केंद्रातले डॅनिएल डीट्रिच, वेध नायगम आणि त्यांचे सहकारी उपकरणांची आणि प्रयोगांची बाजू सांभाळत होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये कोलंबिया शटलच्या एसटीएस-७३ उड्डाणात अंतराळवीरांनी काचेच्या बंद पेटीत हातमोज्यांतून काम करत बारीक तंतूवर थेंब ठेवले आणि पेटवले. मिथेनॉलच्या थेंबांनी तिथे एक धडा दिला. मिथेनॉल जळताना तयार होणारं पाणी थेंबातच परत मुरतं, इंधन पातळ होत जातं आणि थेंब संपायच्या आधीच ज्योत विझते. थेंबाचं इंधन अखेरपर्यंत शुद्ध राहतं, हे गृहीतक इथे ढळलं.

मोठा प्रयोग १९९७ साठी ठरला होता. ४ एप्रिल रोजी कोलंबिया एसटीएस-८३ मोहिमेवर निघालं. सोळा दिवसांची मोहीम होती. सात जणांत ग्रेग लिंटेरिस हे आगीचे अभ्यासक शास्त्रज्ञही होते. पण यानाला वीज पुरवणाऱ्या एका इंधन-घटात बिघाडाची चिन्हं दिसली आणि चारच दिवसांत, ८ एप्रिलला, यान परत बोलवावं लागलं. नासाने मग पूर्वी कधीच न केलेली गोष्ट केली: तेच यान, तेच सात जण, तीच प्रयोगशाळा १ जुलैला एसटीएस-९४ म्हणून पुन्हा पाठवली. या वेळी पूर्ण सोळा दिवस मिळाले. हेलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणात मोकळे हेप्टेनचे थेंब जळाले आणि विझण्याच्या दोन्ही तऱ्हा नोंदल्या गेल्या. लहान थेंबांची ज्योत विक्रियेला पुरेसा अवधी न मिळाल्याने विझत होती. मोठ्या थेंबांची ज्योत उष्णतेच्या गळतीने विझत होती. भाकीत खरं ठरलं.

पुढचा टप्पा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कायमची ज्वलन-प्रयोगशाळा उभारण्याचा होता. त्याआधी १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतीच्या वाटेवर नष्ट झालं. त्या मोहिमेवर ज्वलनाचे प्रयोग होते. हरियाणातल्या कर्नालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी पृथ्वीवर परतले नाहीत. प्रयोगांचा बराचसा तपशील उड्डाण चालू असतानाच जमिनीवर पाठवला गेला होता, म्हणून तो तरी वाचला. शटलची उड्डाणं अडीच वर्षं थांबली आणि स्थानकाची बांधणी रखडली. ज्वलनाच्या प्रयोगांची उपकरणं बसवलेलं कपाट अखेर नोव्हेंबर २००८ मध्ये एसटीएस-१२६ मोहिमेतून स्थानकावर पोचलं.

विझलेली ज्योत आणि आटत राहिलेला थेंब

२००९ साली या कपाटात ‘फ्लेक्स’ नावाचे प्रयोग सुरू झाले. उद्देश व्यवहारी होता. भविष्यातल्या यानांसाठी ऑक्सिजनचं प्रमाण वाढवून आणि दाब घटवून हवा ठेवायचा विचार चालू होता: ३४ टक्के ऑक्सिजन आणि पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त दाब. अशा हवेत आग किती सहज लागते, आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन किंवा हेलियम यांतलं काय ती चांगलं विझवतं, हे थेंबांच्या मदतीने ठरवायचं होतं. थेंब निवडण्याचं कारण हेच की त्याची ज्योत गोल असते, त्यामुळे गणित आणि प्रयोग यांची थेट तुलना करता येते.

प्रयोगाची रीत अशी. बंद कोठीत हवं ते वायुमिश्रण भरायचं. समोरासमोरच्या दोन सुया मध्यभागी येऊन आपल्या टोकांमध्ये इंधनाचा थेंब तयार करतात, मग झटकन मागे सरतात. थेंब हवेत एकटा उरतो. तापलेल्या तारा त्याला पेटवून दूर होतात. सगळ्या आज्ञा क्लीव्हलँडहून जातात. अंतराळवीरांना फक्त वायूच्या टाक्या आणि सुटे भाग बदलावे लागतात. मनोऱ्यात सेकंदांसाठी झगडणाऱ्यांना आता हवा तेवढा वेळ होता.

आणि त्या वेळातच नवल घडलं. सुमारे तीन-चार मिलिमीटरचा हेप्टेनचा थेंब पेटला, ज्योत मोठी झाली आणि अपेक्षेप्रमाणे काही सेकंदांत उष्णतेच्या गळतीने विझली. कॅमेऱ्यात अंधार झाला. ज्योत गेली म्हणजे उष्णता गेली; वाफ होणं जवळजवळ थांबायला हवं होतं. पण उजेड देऊन टिपलेल्या चित्रांत थेंब आटतच होता, आणि तोही व्यासवर्गाच्या नियमाला धरून, जणू भोवती अजून ज्योत आहे. बराच वेळ असं चाललं. मग थेंब एका ठरावीक लहान आकाराला पोचल्यावर आटणं एकाएकी थांबलं आणि त्याच्याभोवती वाफेचा पांढरा ढग दिसू लागला. म्हणजे दुसऱ्यांदा काहीतरी विझलं होतं. कॅमेऱ्याला न दिसणारं काहीतरी इतका वेळ जळत होतं.

नायगम, डीट्रिच, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘कंबश्चन अँड फ्लेम’ या नियतकालिकात याचा अर्थ मांडला. दृश्य ज्योत विझल्यावर तिच्या जागी ‘थंड ज्योत’ आली होती, आणि तीच थेंबाला जाळत होती.

थंड ज्योत रसायनशास्त्राला नवी नव्हती. हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईथरच्या वाफेत तिची चुणूक पाहिली होती, आणि १८८२ मध्ये विल्यम पर्किन यांनी तिचं वर्णन केलं होतं. नेहमीची ज्योत दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापते. थंड ज्योत चार-पाचशे अंशांवरच जगते. तिचं रसायनही वेगळं आहे. या तापमानाला ऑक्सिजन इंधनाच्या रेणूंच्या तुकड्यांना चिकटतो, अस्थिर पेरॉक्साइड तयार होतात, ती फुटतात आणि उष्णता देतात. जळणं अर्धवट राहतं, म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याऐवजी मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतात. उजेड इतका क्षीण निळसर की साध्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही. या विक्रियेचा एक गुण निर्णायक आहे: तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे चढलं की ती मंदावते. त्यामुळे ती स्वतःलाच आवरून धरते.

मग थेंबाभोवती ती पूर्वी कुणाला का दिसली नाही? पृथ्वीवर वर चढणारा ओघ वायूला ज्योतीच्या जागेतून लगेच पुढे नेतो. ही संथ विक्रिया पुरी व्हायला अवधीच मिळत नाही. अवकाशात वायू जागच्या जागी रेंगाळतो आणि मोठ्या थेंबाभोवती हा अवधी भरपूर वाढतो. म्हणजे दोन्ही अटी एकत्र लागतात: गुरुत्वाकर्षण नको आणि थेंब मोठा हवा. मनोऱ्यांमध्ये पहिली अट पुरी होत होती, दुसरी होत नव्हती. साठ वर्षांचा विलंब इथे होता.

निकाल एकदा हाती आल्यावर पडताळा वेगाने झाला. ऑक्टेन, डेकेन, डोडेकेन अशा इतर इंधनांतही थंड ज्योत आढळली. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातले तन्वीर फारूक, प्रिन्स्टनचे ड्रायर आणि मिलानमधले संशोधक यांनी रासायनिक विक्रियांचे सविस्तर जाळे संगणकावर सोडवून हेच वर्तन दाखवलं. २०१७ पासून खास थंड ज्योतींसाठीच प्रयोग झाले, आणि २०२१ मध्ये थेंबाऐवजी वायू सोडणाऱ्या गोल ज्वालकावरही अशी ज्योत स्थानकात उभी करण्यात आली.

हाती काय आलं

पहिला लाभ इंजिनांचा. पेट्रोल इंजिनात होणारी ठोकर आणि डिझेलमधलं स्वयंज्वलन यांची सुरुवात याच कमी तापमानाच्या रसायनाने होते. इंधन आधी नीट मिसळून, कमी तापमानाला, जवळजवळ काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइडशिवाय जाळणाऱ्या नव्या इंजिनांची तर सगळी भिस्त त्यावर आहे. हे रसायन जमिनीवर मोजणं अवघड, कारण ते क्षणात उरकतं आणि पेटत्या ज्योतीत मिसळून जातं. अवकाशातल्या थेंबाने ते वेगळं काढून कित्येक सेकंद स्थिर धरून दाखवलं. इंजिनांच्या संगणकीय आराखड्यांत वापरली जाणारी विक्रियांची गणितं आता या मोजमापांवर घासून पाहिली जातात, आणि काही गणितं थंड ज्योतीच्या बाबतीत चुकत असल्याचंही त्यातूनच कळलं.

दुसरा लाभ सुरक्षेचा. यानात आग दिसेनाशी झाली म्हणजे ज्वलन संपलंच असं धरता येत नाही. अंधारातही इंधन खर्च होत राहू शकतं, विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि परिस्थिती अनुकूल झाली तर गरम ज्योत परत उठू शकते. चंद्रावर आणि त्यापुढे माणसं पाठवायच्या तयारीत ही माहिती लागणार आहे. भारतालाही तिची गरज आहे. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या राष्ट्रीय ज्वलन संशोधन केंद्रात अडीच सेकंदांच्या भारहीनतेचा मनोरा उभा आहे. गगनयानातून माणसं अवकाशात पाठवू पाहणाऱ्या देशाने तिथल्या कामाकडे, आणि अशा कामाच्या खर्चाकडे, आस्थेने पाहायला हवं.

आणि गॉडसेव्ह व स्पाल्डिंग यांच्या नियमाचं काय झालं? तो रद्द झाला नाही. पहिला अंदाज म्हणून तो आजही वापरला जातो, शिकवला जातो. मात्र तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही याच्या सीमा आता नोंदलेल्या आहेत: काजळी, थेंबात मुरणारं पाणी, ज्योतीचं वाढत जाणारं अंतर, उष्णतेची गळती आणि शेवटी थंड ज्योत. यातली प्रत्येक सीमा भारहीनतेचे काही जास्त सेकंद मिळाल्यावर सापडली आहे.

मूलभूत संशोधनावर पैसा खर्च करताना नेहमी विचारलं जातं की याचा उपयोग काय. कुमागाईंनी १९५०च्या दशकात पेटी सोडली तेव्हा त्यांना या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देता आलं नसतं. त्यांच्याकडे एक नेमका प्रश्न होता आणि तो तपासायची प्रामाणिक रीत होती. इंजिनांना आणि यानांना उपयोगी पडणारं ज्ञान तिथूनच निघालं. प्रश्न नेमका असेल आणि त्याला पुरेसा वेळ दिला, तर निसर्ग उत्तर देतो. या इतिहासाचा निर्वाळा तोच आहे.